मिस्साआधीचं पाणी

माय, आज फादर घरी आले होते. इथल्या मिशनचा इतिहास लिहायला बसलेत, आणि अमरावतीत जुन्यांपैकी आता मी एकटीच उरले आहे. पहिला मिस्सा कुठे झाला, माणसं किती होती, विचारत राहिले. मी म्हटलं, एका व्यापाऱ्याच्या कापसाच्या गोदामात, आणि माणसं म्हणजे छावणीतले चार शिपाई, त्यांच्या बायका आणि तू. त्या घरांत तामिळ चालायचं. बाप्तिस्मा घेतल्यावर दर्यापूरकडच्या तुझ्या भावांनी तुझं नाव टाकलं होतं, आणि बाप माझ्या आठवणीआधीच गेला. आपल्या बोलीत बोलायला तुला मी सोडून कोणी नव्हतं, तीही दहा वर्षांची आणि एक नंबरची हट्टी. फादरांनी सगळं वहीत उतरवून घेतलं. पाण्याचं मात्र मी सांगितलं नाही.

तेव्हाचे फादर कामठीहून वर्षातून एकदा यायचे. मिस्साच्या उपासनेत येशूच्या शरीराचा प्रसाद घ्यायचा तर आदल्या मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे. त्या वर्षी अमेरिकेत लढाई चालू होती म्हणे, विलायतेला तिकडचा कापूस मिळेना, म्हणून वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. गोदाम छपरापर्यंत भरलेलं, ते कोण देणार? मग तू आपलं अंगण सारवलंस, चौरंगावर धुतलेलं लुगडं अंथरलंस. मिस्सा सकाळचा होता. सूर्य डोक्यावर आला तरी फादरांची धमणी गाडी दिसेना. अकोल्याकडचा रस्ता कापसाच्या गाड्यांनी तुंबला होता आणि त्या खेपेला ते आधी अकोल्याला जाऊन त्याच वाटेनं यायचे होते. आठ दिवसांचा ताप अंगात घेऊन तू उंबरठ्यावर बसली आहेस. मी म्हणते, "माय, घोटभर पी." तू म्हणतेस, "वर्षभर वाट पाह्यली व, आता दोन घंट्यानं काय होते?" आणि तिथेच कोसळतेस.

मी धावत तांब्या आणला आणि तुझ्या तोंडात पाणी ओतलं. तू ते गिळलंस, मी पाहिलं. जरा वेळानं डोळे उघडलेस, आणि तेवढ्यात बैलांची घुंगरं वाजली. ओले ओठ चाचपत तू विचारलंस, "पानी पाजलं का तुनं मले?" मी "हाव" म्हणाले. तू रागावली नाहीस. रागावली असतीस, एखादी थप्पड दिली असतीस, तर बरं झालं असतं. बाकीचे प्रसादाला पुढे गेले आणि तू भिंतीला टेकून बसून राहिलीस. "कावून रडून राहिली? पुढच्या खेपेले घेईन," म्हणालीस. पुढच्या खेपेला फादर आले तेव्हा तुला पुरून पाच महिने झाले होते.

आता इथे पक्कं चर्च आहे, रोज मिस्सा होतो. मी जाते, प्रसाद घेते, घरी येते, मग दिवसभर बोलायला कोणी नसतं. तुझी फार आठवण येते. पाणी पाजल्याचं मला कधीच वाईट वाटलं नाही, पुन्हा पाजीन. पण फादरांपुढे पापं कबूल करायला गुडघे टेकले की एक गोष्ट जिभेवर येते, आणि तिला पाप म्हणावं की काय हेच कळत नाही म्हणून मी ती गिळून टाकते. हा कागद कुठे जायचा नाही, म्हणून इथे लिहिते. त्या दिवशी तू विचारलंस तेव्हा मी "नाही" म्हणायला हवं होतं, माय.