टोकन नंबर ४१२

खरवई, बदलापूर
१० जानेवारी २००७

ती. बाबांस,
मैत्रेयीचा सविनय जयभीम. वि. वि. अर्धांगाच्या झटक्यानंतर फोनवर जीभ अडखळली की तुम्ही रिसीव्हर आईकडे देता, म्हणून पत्रच लिहितेय.

गृहप्रवेशाच्या दिवशी बाबासाहेबांचा फोटो लावताना तुमच्या हातून ते जुनं ड्रिल मशीन निसटलं, लादी फुटली आणि तुम्ही न जेवता निघून गेलात. हत्यारांची पेटी तेव्हापासून पलंगाखाली आहे, असं आई सांगते. लादीचं काय घेऊन बसलात हो! फोटो अजून कपाटाला टेकून उभा आहे. आपल्या साऱ्या गोतावळ्यात फोटो लागले ते तुमच्याच हातचे, मी सुतार बोलावणार नाही.

यांच्याबरोबर एक खोकं पाठवतेय. आत बिनवायरचं ड्रिल आहे, उल्हासनगरहून आणलंय. आधी चार्जरला लावा आणि रागावू नका.

आईला जयभीम. माया आहेच, ती अशीच राहू द्या.

तुमची,
मैत्रेयी

अंबरनाथ
५ फेब्रुवारी २००७

चि. मैत्रेयीस,
अनेक आशीर्वाद. डाव्या हाताने लिहितोय, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, हसू नकोस.

खोकं बघून डोकंच फिरलं. एकतीस वर्षं ऑर्डनन्समध्ये फिटर होतो आणि पोरगी खेळणं पाठवते! तीन आठवडे हात लावला नाही. परवा जावईबापू आले, तेव्हा बोलता बोलता सांगून गेले. दुकानात तू सहा मशिनं मांडायला लावलीस, एकेक डाव्या हातात लांब धरून शंभर आकडे मोजलेस. दुकानदार सिंधी, तो म्हणाला, बेटी लेफ्टी आहे काय, आणि तू हो म्हणालीस. अगं वेडे! मी मोरीत जाऊन तोंड धुऊन आलो.

मग खोकं उघडलं. जेमतेम सव्वा किलो, बटण बरोबर अंगठ्याखाली. पहिला स्क्रू तिरका गेला, दुसरा सरळ. मसाल्याची फळी झाली, शेजारच्या गोजरबाईंची कडी झाली, आता तुझी आई सांगेल तिथे भोकं पाडतोय. फक्त सिमेंटच्या खांबात हे घुसणार नाही, विटेत घुसेल. म्हणून रविवारी मी येईपर्यंत भिंतीला कोणी हात लावायचा नाही.

सोबत माझं पितळी टोकन आहे, नंबर ४१२. कारखान्यात हत्यार घेताना स्टोअरच्या खिडकीत आपलं टोकन ठेवायचं, हत्यार परत दिलं की टोकन परत. रिटायर होताना हे एक खिशातच राहिलं. हात चालेनासा झाला की मशीन जमा करीन.

पोरी, तुझे उपकार म्हटलं तर भांडशील, म्हणून म्हणत नाही.

तुझा बाप,
सुदाम

खरवई, बदलापूर
१३ फेब्रुवारी २००७

ती. बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि. फोटो सरळ आहे, मी येताजाता बघते. तुम्ही डाव्या हाताने भोक पाडलंत, लाकडी गिट्टी ठोकलीत, तेव्हा मशीन पडलंच तर झेलायला हे मागे उशी धरून उभे होते, ते तुम्हाला दिसलं नाही. फुटकी लादी बदलायची नाही असं ठरलंय. त्या दिवशीचं राहिलेलं जेवण तुम्ही दोनदा वाढून घेतलंत, माझं घर आता भरलं.

एक गुन्हा कबूल करते. तुम्ही गेल्यावर उरलेला खिळा मी फोटोखाली ठोकला आणि टोकन तिथे टांगलं. मशीन जमा करायला कधीही आलात तरी स्टोअरची खिडकी बंदच मिळेल.

तुमचीच,
मैत्रेयी