काच वर

२ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी ६.
आजपासून रोज ऑफिसच्या आधी दीड तास चित्र. सबब चालणार नाही. विज्ञानकथा मंडळाचं प्रदर्शन २८ तारखेला आहे आणि दारासमोरची भिंत दरवर्षीप्रमाणे माझी. दरवर्षी मी दोन-तीन अंतराळवीर काढतो. आजवर एकेचाळीस झाले. सगळ्यांच्या हेल्मेटची काच बंद, कारण काचेत ग्रहाचं प्रतिबिंब दाखवलं की चित्र उठून दिसतं. एकेचाळीस वेळा माझी ही समोर उभी राहिली, स्कूटरचं हेल्मेट घालून, बंदुकीऐवजी हातात डाव धरून.
या वर्षी काच वर. आत हिचा चेहरा. निव्वळ तांत्रिक आव्हान म्हणून. हिला जाऊन सात महिने झाले, त्याचा याच्याशी संबंध नाही. चेहरा म्हणजे शेवटी वक्र पृष्ठभाग. बावीस वर्षं कारखान्यात पंपांच्या भागांची ड्रॉइंग्ज काढतोय. वक्र पृष्ठभागाला मी घाबरत नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार.
सूट पूर्ण. बूट तर अप्रतिम. मागे राखाडी, ओसाड ग्रह. चेहऱ्याची जागा कोरी ठेवली आहे. ते दहा मिनिटांचं काम, शेवटी करू.

७ सप्टेंबर, रविवार.
दहा मिनिटांचं काम तीन तास केलं. नाक येत नाही. दोष उजेडाचा.
फोटो शोधले. लग्नातल्या फोटोत मान खाली. सहलीच्या फोटोत गॉगल. बाकीच्यांत ही नाहीच, कारण फोटो हीच काढायची. राहिला ओळखपत्रावरचा. त्यात ही कुणावर तरी चिडलेली आहे. बहुधा माझ्यावर. रांगेत मीच शेजारी होतो.

१० सप्टेंबर, बुधवार.
नवी पद्धत. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात बसून हिच्या नाकाचं एलिव्हेशन काढलं, ओळखपत्रावरून, मापांसकट. साइड व्ह्यूला मात्र आधार नाही. शेजारच्या टेबलावरचा ड्राफ्ट्समन वाकून बघायला लागला. हा कुठल्या पंपाचा पार्ट म्हणे. नवीन डिझाइन आहे म्हणालो. त्याने मान डोलावली. कास्टिंगला जड जाईल, म्हणाला.

१४ सप्टेंबर, रविवार.
मेहुणीला बोलावलं. सख्खी बहीण म्हटल्यावर नाक तेच असणार. व्हर्नियर कॅलिपर बाहेर काढला तर म्हणाली, भावजी, डोकं ठिकाणावर आहे ना? पण माप घेताना हलली नाही, हे बरं. उंची एकोणीस मिलिमीटर. चहा झाला, चप्पल घातली आणि मग दारात म्हणते कशी, पण ताईचं नाक बाबांचं होतं, माझं आईचं आहे. आधी का नाही बोललीस विचारलं. म्हणाली, नाक तुमच्या पकडीत होतं, बोलणार कुठून?
मग तिनेच विचारलं, ताई हसली की खळी कुठल्या गालावर पडायची, आठवतंय का तरी? डाव्या, म्हणालो. उजव्या, म्हणाली.
मेहुणीची स्मरणशक्ती पहिल्यापासून कच्ची.

१६ सप्टेंबर, मंगळवार.
मंडळाची बैठक. अर्धवट चित्र नेलं होतं. सेक्रेटरी दातांचे डॉक्टर आहेत, पण जीव सगळा ग्रहांत. चष्मा पुसून बघितलं आणि म्हणाले, अहो, इथे हवा नाही. काच वर केली तर बाई पंधरा सेकंदांत मरेल. एक जण म्हणाला, छे, दहा. त्यावर पाऊण तास जोरदार वाद झाला. मी बाहेर जाऊन पाणी पिऊन आलो.
मुद्दा शास्त्रीय आहे, मान्य करायला हवा. ग्रहाला आधी वातावरण द्यावं लागेल. चेहरा लांबणीवर पडतोय, पण माझा इलाज नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार.
हवेचं प्रमाण ठरवलं. ऑक्सिजन चोवीस टक्के. आपल्याकडे एकवीसच असतो. थोडा जास्त धरला. हिला कमी पडायचा.

२१ सप्टेंबर, रविवार.
ऑक्सिजन असेल तर झाडं हवीत. राखाडी पुसून झाडं काढली. झाडं आहेत म्हणजे ढग आले.
मशीनवाल्याचा फोन. काका, ऑक्सिजनचं मशीन अजून तुमच्याकडेच आहे. म्हणालो, सूटच्या पाठीवरच्या टाकीसाठी रेफरन्स म्हणून लागतंय. तो म्हणाला, दुसरा पेशंट थांबलाय हो. घेऊन जा म्हणालो. पलंगाजवळचा कोपरा मोकळा झाला. उजेड जास्त येतो. चित्राला चांगलंच.

२४ सप्टेंबर, बुधवार.
नदी झाली. एका झाडाखाली सावली केली, बसता येईल एवढी. मुलीचा फोन आला. बाबा, चेहरा झाला का? ग्रह राहण्यालायक झाला, म्हणालो. बाबा, मी चेहऱ्याचं विचारतेय. आवाज तुटतोय असं सांगून फोन ठेवला. आवाज स्वच्छ येत होता.

२७ सप्टेंबर, शनिवार.
मुलगी सकाळच्या गाडीने आली. पिशवी ठेवली, स्कूटरचं हेल्मेट डोक्यात घातलं आणि उभी राहिली. काढा चित्र, म्हणाली. मी म्हटलं, अशी नाही, भार डाव्या पायावर. तिने पाय बदलला आणि म्हणाली, आटपा हो लवकर, दूध उतू जाईल.
हे ही म्हणायची. याच सुरात.
पाच वाजेपर्यंत चेहरा चार वेळा काढला, चार वेळा पुसला. पहिला मेहुणी. दुसरा ओळखपत्र. तिसरा कुणीतरी परकी बाई, चांगली होती बिचारी. चौथ्याला खळी कुठल्या गालावर द्यायची तिथे अडलो. मुलीला विचारलं नाही. तीही उजवी म्हणाली असती.
सहाला काच बंद केली. हात बसलेला आहे, वीस मिनिटांत झालं. झालं म्हणालो. मुलगी हं म्हणाली, पण हेल्मेट बराच वेळ काढलं नाही.

२८ सप्टेंबर, रविवार.
प्रदर्शन. ग्रह सगळ्यांना आवडला. सेक्रेटरींनी झाडं, ढग, नदी, सावलीचा कोन, सगळं तपासलं. एकही चूक निघाली नाही. खूश झाले. मग म्हणाले, पण काय हो, एवढी उत्तम हवा आहे, तर बाईंनी काच का लावून घेतलीय?
सगळे माझ्याकडे बघायला लागले. म्हणालो, नुकत्याच उतरल्यात. हवा तपासताहेत.
त्यांना पटलं.
हवा मी दहा दिवस तपासली होती. चांगली होती.