पपा व्हिएन्ना सोडत नाहीत

हाँगक्यू, शांघाय
११ मार्च १९४०

ती. पपांस, वाल्लीचा सा. न. वि. वि.

तुमची लेक आता पाव भाजून विकते. इथल्या लढाईत अर्धं पडलेल्या घराच्या उरलेल्या अर्ध्यात आम्ही राहतो. ज्यानं जन्मात खिळा ठोकला नाही, त्या तुमच्या वकील जावयानं, लेओनं, अंगणात भट्टी रचली. वाकडी आहे, पण पेटते! शेजारच्या छेनबाई मला रोज टोचतात, बापाला तिकडे ठेवून तुझ्या घशाखाली घास उतरतो कसा?

तुमचा इथे यायचा परवाना मिळवलाय, सोबत आहे. सैबेरियातून आगगाडी चालू आहे. निघा.

तुमची,
वाल्ली

व्हिएन्ना
१४ एप्रिल १९४०

चि. वाल्लीस अ. उ. आ.

पत्र पोचलं. वाटेत ते उघडून वाचणाऱ्यांनाही नमस्कार.

मी येणार नाही. गेल्या लढाईत या देशासाठी पायात गोळी खाल्ली. ज्यू म्हणून दुकान गेलं, रेडिओ गेला. आता मीही पळालो तर म्हणतील, म्हातारा भ्याला. शिवाय तुझ्या आईच्या कबरीवरचं गवत कोण काढणार? रागावू नकोस.

लोभ आहेच. तो कुणाला जप्त करता येत नाही.

तुझा पपा

शांघाय
१९ मे १९४०

ती. पपांस सा. न.

रागावलेच आहे! तुम्ही तिथे मेलात तर त्यांचं काय बिघडणार? जगलात तर त्यांचा जळफळाट होईल. गवत वाढू दे. आई तरी तुम्हाला तिथे थांबू देती का?

नोव्हेंबरात मला बाळ होईल. मुलगा झाला तर सुंतेच्या वेळी त्याला मांडीवर कोण घेणार? आजोबा बाजारात मिळत नाहीत.

वाट पाहणारी,
वाल्ली

दाइरेन बंदर
२ सप्टेंबर १९४०

चि. वाल्लीस अ. उ. आ.

सैबेरिया ओलांडून इथवर पोचलो, शांघायला येणाऱ्या पुढच्या आठवड्याच्या बोटीत जागा मिळाली. हे पत्र आजच्या बोटीनं पुढे धाडतो.

निघायच्या सकाळी कबरीपाशी तुझ्या आईचा निरोप घेतला आणि तसाच बागेत गेलो. ज्यूंनी बसू नये असं लिहिलेल्या बाकावर बसलो, लढाईतलं पदक छातीवर लावून. खिशातलं सफरचंद खायला घेतलं. एक तरणा पोलीस आला, म्हणाला, ऊठ म्हाताऱ्या. मी म्हटलं, तोंडात घास आहे, दिसत नाही? तो पदकाकडे बघत राहिला. मी देठापर्यंत खाल्लं, रुमालानं हात पुसले, मग स्टेशनची वाट धरली.

लेओला सांग, म्हातारा निघाला खरा. पण उठलो ते माझ्या सवडीनं.

तुझा पपा