रिकाम्या ऐरणीवरचा ठोका

वाशीम, गुरुवार

प्रिय रेणू,

परवा तू फोनवर रडलीस ते मला आवडलं नाही. रडून झाल्यावर जो प्रश्न विचारलास तो मात्र आवडला, म्हणून हे पत्र. फोनवरही उत्तर देता आलं असतं, पण तिथे तू दर वाक्याला 'हो ना आत्या' करतेस आणि माझा धागा तुटतो. शिवाय चौतीस वर्षं वर्गात बोलूनसुद्धा काही गोष्टी माझ्या तोंडून निघत नाहीत. त्या कागदावर उतरतात.

तुझा प्रश्न असा, की धड लोखंडावर हातोडी मारली की जो आवाज येतो, त्याला चांगल्या मराठीत काय म्हणायचं. सोमवारच्या लेखी खुलाशात तुला तो शब्द हवा आहे. कारखान्याच्या तपासणीत ट्रॅक्टरच्या चाकाजवळ बसणारे चाळीस घडीव नग तू आवाजावरून बाजूला काढलेस, आणि तुमचे साहेब सगळ्यांसमोर हसत म्हणाले, "मशीननं पास केलेला माल ही पोरगी कानानं नापास करते!" खुलाशाचा मजकूरही त्यांनीच सांगून ठेवला आहे: गैरसमजातून माल थांबवला, पुन्हा असे होणार नाही. सही केलीस तर नोकरी कायम, नाही तर उमेदवारीचे सहा महिने संपल्यावर घरी. धनसिंगला यातलं काही कळू देऊ नको म्हणालीस. माझा भाऊ असला तरी तो तुझा बाप आहे, म्हणून मी अजून गप्प आहे.

शब्द लिहून घे. ठणठणीत. माझ्या कपाटातला शब्दकोश सांगतो, ठण म्हणजे धातूवर आघात झाल्यावर होणारा ध्वनी, आणि ठणठणीत म्हणजे निरोगी, मजबूत. कोश बरोबर आहे, पण अपुरा आहे. ठणठणीत तब्येत म्हणणाऱ्याला आठवतही नाही, की आधी कोणीतरी लोखंड वाजवून पाहिलं असेल आणि ते आतून धड आहे अशी खात्री केली असेल. मग तो शब्द माणसाच्या अंगाला लागला. जखम ठणकते, खरं ते ठणकावून सांगतात. हे सगळं माझं अनुमान आहे, मी भाषाशास्त्री नाही. पण माझं बालपण ऐरणीशेजारी गेलं, तेव्हा अनुमानाचा हक्क मला आहे. हा शब्द कोणा पंडिताने घडवला असेल असं मला वाटत नाही. लोखंडच तो बोलत होतं, माणसांनी ऐकला. चिरलेल्या लोखंडाचा शब्द वेगळा. आपल्या घरात त्याला 'बद' म्हणत. ठण आवाज लांबत जातो, बद जागीच बसतो. हे तुला आजीने मेडशीच्या अंगणात विळे वाजवून शिकवलं, तेव्हा तू पाच वर्षांची होतीस. तुला वाटत होतं तो खेळ आहे.

आता आजीचं काम तुला नीट माहीत नाही ते सांगते. तू जन्मलीस तोवर भाता थंडावला होता. आम्ही लहान असताना माय आणि बा बैलगाडीवर भाता-ऐरण घालून गावोगाव फिरत. इंझोरीला वखराच्या पासा म्हणजे लोखंडी पाती, पोहरादेवीच्या यात्रेत विळे आणि खुरपी. बा डाव्या हाताने सांडशीत लाल लोखंड धरायचा आणि उजव्या हातातल्या लहान हातोडीने जिथे ठोका देईल, तिथे मायने घण घालायचा. आठ शेर वजनाचा घण, तोही पदर खोचून, एका लयीत. बोलायला कोणालाच उसंत नसे. थांबायचं असलं की बा हातोडी लोखंडावर न मारता रिकाम्या ऐरणीवर मारायचा. तो आवाज पातळ, मोकळा. त्यानंतर घण खाली येता कामा नये, कारण बाचा हात मध्ये गेलेला असे. चाळीस वर्षांत मायचा घण एकदाही चुकीचा खाली आला नाही. माझ्या शाळेच्या निकालाचा मला इतका अभिमान नाही, जितका याचा आहे.

तोच ठोका आम्हा पोरांनाही लागू होता. माय हाका मारत बसायची नाही, हातोडीने रिकामी ऐरण वाजवायची. जिथे असू तिथे आमचे पाय थिजायचे. मेडशीच्या फाट्यावर धनसिंग एसटीसमोर धावत निघाला होता, तो त्या ठोक्यावर उभा राहिला म्हणून आज तुझा बाप आहे.

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या चैत्रात ते दोघं वाशीमला आले आणि माझ्या कॉलेजच्या रस्त्याला पाल ठोकलं. मला कळवलं नव्हतं. मी दोन मैत्रिणींबरोबर वर्गातून परतत होते. एक म्हणाली, "पाह्य वो, बाईमाणूस असून घण मारते!" दुसरी म्हणाली, "तुयाकडंच पाहून राह्यली. तुया ओळखीची हाये काय?" मी म्हणाले, नाही. स्वच्छ म्हणाले, अडखळलेसुद्धा नाही. चार पावलं पुढे गेले तोच पाठीमागे रिकाम्या ऐरणीवर ठोका पडला. माझा पाय सवयीने अडला. मी तो पुढे टाकला आणि चालत राहिले. दुसरा ठोका आला नाही. संध्याकाळी वसतिगृहाच्या फाटकाशी जवसाच्या चटणीचा डबा होता. चौकीदार म्हणाला, "नाव नाई सांगतलं बाईनं." त्या दिवसाबद्दल माय आजवर एक शब्द बोललेली नाही. मीही नाही.

काल सकाळच्या एसटीने मी मेडशीला गेले. धनसिंग तुरीवर फवारणीला गेला होता. तू मोबाईलवर पाठवलेले त्या नगांचे दोन आवाज मी मायच्या डाव्या कानाशी धरले, कशाचे ते न सांगता. उजवा कान आता कामातून गेला आहे. पहिला ऐकून ती म्हणाली, "हे धड हाये." दुसरा ऐकला, पुन्हा लाव म्हणाली, पुन्हा ऐकला. "हे बद. आतून चिरलं हाये. कोनाचं हाये हे?" मग मी सगळं सांगितलं. साहेब हसले हे ऐकून ती स्वतःच हसली. "हासू दे. तुया बाले बी लोक हासत, अन् मंग त्याच्याच पासा घेऊन जात." थोड्या वेळाने तिने विचारलं, "पोरीनं आवाज आयकला अन् थांबली?" मी म्हणाले, थांबली. "मंग झालं. माया घरची हाये थे." ती माझ्याकडे पाहत नव्हती, सुपातली डाळ निवडत होती. सहासष्टाव्या वर्षी मी त्या अंगणात मान खाली घालून उभी राहिले.

मोबाईलवरचा आवाज हा पुरावा नव्हे, हे मला कळतं. म्हणून साहेबांना सांग, एक नग मधोमध कापून पाहा. तो धड निघाला तर चूक कबूल कर आणि त्यांच्या मजकुरावर मुकाट सही कर. पण कापण्याआधी नाही. नोकरी गेली तर वाशीमला माझ्याकडे ये, दुसरी शोधू. आणि निरोपात 'विश्वास'मधला वि ऱ्हस्व लिहीत जा.

या पत्रासोबत एक वेगळा कागद आहे. खरं तर त्याच्यासाठीच लिहायला बसले, बाकीचं वाटेत आलं. त्यावर लिहिलं आहे, की लोखंडाचा आवाज ओळखायला रेणूला तिची आजी धुरपताबाई हरिसिंग यांनी शिकवलं आणि त्यांनी चाळीस वर्षं ऐरणीवर घण चालवला. खाली मायचा अंगठा आहे. त्याखाली साक्षीदार म्हणून माझी सही, आणि सहीपुढे धुरपताबाईंशी माझं नातं. तिथे मी 'मुलगी' असं लिहिलं आहे. तीन अक्षरं लिहायला मला सत्तेचाळीस वर्षं लागली. साहेबांना कागद दाखव किंवा नको दाखवूस, पण सोमवारी पेन हातात घेण्याआधी तू तो एकदा वाच.

तुझीच,
केशरआत्या