शेजारच्या सीटवरचा आवाज

३ फेब्रुवारी
आज परत तो आवाज! फिजिओथेरपीला जाताना वळणावर स्टेअरिंग फिरवलं की खालून 'कट्'. शेजारी बसलेल्या ह्यांनी डावा हात डॅशबोर्डवर आपटला. तोंडातून नुसतं "ब... ब..." तीस वर्षं गॅरेज चालवलेला माणूस! झटका आला, उजवं अंग गेलं, वाचाही गेली. नाहीतर बोनेट न उघडता सांगितलं असतं.

५ फेब्रुवारी
चौकातल्या गॅरेजवाल्याला गाडी दाखवली. एकटाच फेरी मारून आला. "काकू, काही वाजत नाही. उगाच टेन्शन घेऊ नका."

६ फेब्रुवारी
हे शेजारी, तेच वळण — कट्, कट्. वेड लागायची पाळी.

९ फेब्रुवारी
परत गॅरेज. परत काही नाही! या वेळी तो चक्क हसला. म्हातारीला भास होतात, असंच ना?
घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर स्वतःच्या छातीवर बोट आपटायला लागले. थांबेचनात. मला वाटलं, छातीत दुखतंय. तसंच हॉस्पिटलात नेलं. "आजी, हृदय ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाले. येताना हे खिडकीबाहेर बघत बसले. माझ्याकडे एकदाही नाही.

१० फेब्रुवारी
मी चिडले आज ह्यांच्यावर. "काय हवंय ते एकदा सांगून टाका ना!" म्हटलं. कोणाला म्हटलं मी हे!

१२ फेब्रुवारी
भाजीला एकटी गेले. तोच रस्ता, तेच वळण. आवाज नाही. येतानाही नाही. गाडी दारात लावली आणि छातीवर आपटणारं ते बोट आठवलं. हे 'मी' म्हणत होते! मी बसलो की वाजतं!
तडक ह्यांना घेऊन गॅरेज गाठलं. "आता ह्यांना शेजारी बसवून चालव."
दोन मिनिटांत परत आला. हसू गायब. ह्यांच्या बाजूचं चाक धरून ठेवणारा बॉल जॉइंट झिजलेला, वजन पडलं की वाजायचा. "काकू, अजून आठवडाभर चालवली असती तर वळणावर चाक निखळलं असतं."
आणि मी रोज ह्यांना हाताला धरून तिथेच बसवत होते.

१६ फेब्रुवारी
गॅरेजवाल्याचा फोन. "एक गाडी आलीये, आम्हाला कळत नाहीये. काकांना आणता? नुसतं बसून ऐकू देत."
फोन ठेवून वळले तर हे डाव्या हाताने स्वतःच शर्टाची बटणं लावत होते. दहा मिनिटं लागली. मी जागची हलले नाही.