घर मिळाल्याबद्दल आभार

४ ऑगस्ट, रविवार

आज उपासनेनंतर पाळकीणबाईंच्या जागेसाठी खास प्रार्थना झाली. पाळकसाहेबांना जाऊन अडीच महिने झाले. नवे पाळक एक तारखेला येणार, तेव्हा बंगला एकतीसला रिकामा करावा, असं पंचांनी त्यांना लेखी कळवलंय. लेखी! बंगला चर्चच्या भिंतीला लागून. खिडकीतून हाक मारली असती तरी ऐकू गेली असती. पण नाही. टाइप केलेलं पत्र, त्यावर शिक्का, आणि खाली 'ख्रिस्तात आपले बंधू'. बंधूंनी बहिणीला घराबाहेर काढायचं ते असं, रीतसर!

तेहतीस वर्षं काढली त्यांनी त्या बंगल्यात. वय एकाहत्तर. मूलबाळ नाही, माहेरी कोणी उरलेलं नाही. जायचं कुठे? आम्ही त्यावर उपाय काय केला, तर डोळे मिटले.

मास्तर म्हणजे पंचांचे सेक्रेटरी. त्यांनी प्रार्थनेत पाळकसाहेबांचं सगळं चरित्र देवाला सांगितलं, सनावळीसकट. जसं काही देवाच्या कानावर यातलं काही आलंच नव्हतं. आमेनमावशी दर वाक्याला 'आमेन' म्हणत होती. मध्येच मास्तर खोकले, तर त्यालाही म्हणाली.

मग खजिनदार उठले. त्यांचं फर्निचरचं दुकान. आवाजालाही पॉलिश आहे. "हे पित्या, तुझ्या दासीसाठी तू घर तयार केलं आहेस! दार उघडलं आहेस! किल्ली तिच्या हातात दिली आहेस! त्याबद्दल तुझे आभार!" मागणं नाहीच, सरळ आभार. विश्वासाची प्रार्थना अशी करतात आमच्याकडे. मिळायच्या आधीच मिळालं म्हणून मोकळं व्हायचं. सगळी मंडळी मोठ्याने 'आमेन' म्हणाली. मीही म्हणाले.

मग चहा-बिस्किटं.

५ ऑगस्ट, सोमवार

पाळकीणबाईंना घर मिळालं! दूधवाल्याने सांगितलं. तो आमच्या मंडळीतला नाहीसुद्धा.

७ ऑगस्ट, बुधवार

आज भगिनी मंडळ. वचन वाचायला पाच मिनिटं, त्या घराबद्दल बोलायला पाऊण तास. सोमवारी ते घर एका खोलीचं होतं. आज त्याच्या दोन खोल्या झाल्या, नळ आत आला आणि मागे गॅलरी निघाली.

"आहे कुणाचं?" मी विचारलं.

"असेल कुणाचं तरी," आमेनमावशी म्हणाली. "खजिनदारांनी भर सभेत आभार मानले ना! उगाच मानतील का?"

माझ्या मनात शंका आली ती तेव्हाच.

९ ऑगस्ट, शुक्रवार

बंगल्यावर जाऊन आले. पाळकीणबाई पुस्तकं सुतळीने बांधत होत्या. व्हरांड्यातल्या बाकावर नेहमीप्रमाणे तीन माणसं बसलेली. एकीला नवऱ्याच्या ऑफिसात द्यायला अर्ज लिहून हवा होता. एका म्हाताऱ्याला डोळ्यांत थेंब घालून घ्यायचे होते, रोज येतो. तिसरा नुसताच बसला होता. त्या बाकावर नुसतं बसायलाही लोक येतात. त्यातले निम्मे चर्चची पायरी चढत नाहीत.

पाळकसाहेब देवमाणूस होते, पण त्यांचा एक उपदेश आठवून सांगा म्हटलं तर कुणाला सांगता येईल, शंकाच आहे. बाईंनी मात्र या वस्तीत कुणाचं बाळंतपण केलं, कुणाची भांडणं मिटवली, कुणाच्या तापात रात्र जागून काढली, याची यादी करायची तर माझी ही वही पुरायची नाही. आम्ही चर्च चर्च म्हणतो ते तो बाक आहे! आणि आता पंचांनी काय ठरवलंय, तर नव्या पाळकांसाठी व्हरांडा बंद करून ऑफिस करायचं.

मला म्हणाल्या, "सगळे अभिनंदन करून जातात गं." मी म्हटलं, "हो का?" पुढे काही विचारायचा धीर झाला नाही.

११ ऑगस्ट, रविवार

मास्तरांनी निवेदन केलं. पंचवीस तारखेला निरोप समारंभ. पाळकीणबाईंना मंडळीतर्फे भिंतीवरचं घड्याळ.

भिंतीचा पत्ता नाही, घड्याळ आधी!

१३ ऑगस्ट, मंगळवार

आज मनावर घेऊन चौकशी केली. मास्तरांकडे गेले. ते वर्गातल्यासारखे चष्म्यावरून बघतात. "घर? खजिनदारांच्या नात्यातलं असावं." आमेनमावशीकडे गेले. "मास्तरांना सगळं ठाऊक आहे, त्यांनी तर इतिवृत्तात लिहिलंय." पुन्हा मास्तरांकडे. तासाभरात दुसऱ्यांदा मला दारात बघून त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. इतिवृत्त काढायला लावलं. लिहिलंय काय? 'जागेचा प्रश्न प्रार्थनापूर्वक सुटला.'

याला म्हणतात सुशिक्षित मंडळी. मी आपली मॅट्रिक.

१४ ऑगस्ट, बुधवार

खजिनदारांच्या दुकानात गेले. ते टेप घेऊन पलंगाची लांबी मोजत होते.

"घर कुठे आहे?" मी म्हटलं.

"कुठलं घर?"

"ज्याची किल्ली देवाने दिली ते."

टेप हातातून सुटली आणि सर्रकन आत गेली. म्हणाले, "बाई, ते मी विश्वासाने म्हटलं."

"म्हणजे नाही?"

"नाही असं कसं म्हणता? अजून दृष्टीस पडलेलं नाही, इतकंच."

"एकतीस तारखेला बाईंनी पेट्या घेऊन दृष्टीस न पडलेल्या घरात शिरायचं कसं, तेवढं सांगा."

"तुमच्या विश्वासात जरा कमतरता आहे, बाई." माझ्या विश्वासात! त्यांच्या दुकानात अठरा पलंग आहेत, मी मोजले. एकावरही माणूस नाही. वर माडी आहे, ती खुर्च्यांनी भरलेली. म्हटलं, खुर्च्या खाली आणा. तर म्हणे, ऊन लागून रंग उडतो.

घरी येईपर्यंत तळपायाची आग मस्तकात.

१५ ऑगस्ट, गुरुवार

जेवताना सगळं ह्यांना सांगितलं. ह्यांनी ताटातून मान वर न करता म्हटलं, "आपली मागची खोली आहे की." आणि आमटी मागितली.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

लिहायचंच तर खरं लिहिते. इथे कोण वाचणार आहे.

मागची खोली मला चार तारखेलाच आठवली होती. मास्तर देवाला चरित्र सांगत असताना. मी डोळे आणखी घट्ट मिटले.

खोली लेकीची. तिचं लग्न होऊन चार वर्षं झाली. शिलाई मशीन, जुन्या गाद्या, तिच्या पुस्तकांचं कपाट. ती वर्षातून आठ दिवस येते. पण ते कारण नाही.

कारण, पाळकीणबाई एकट्या येणार नाहीत. त्यांच्यामागून बाक येणार. थेंबवाला म्हातारा येणार, अर्जवाल्या येणार, नुसते बसणारे येणार. माझ्या दारात पन्नास चपला. ज्याला त्याला चहा. त्या भांडं घासताना नळ सोडून ठेवतात, मी डोळ्यांनी पाहिलंय. साबण पाण्यात विरघळत ठेवतात! पहाटे पाचला मोठ्याने प्रार्थना करतात, नावं घेऊन. माझंही नाव घेत असतील.

आणि दुसरं. मॅट्रिकचा फॉर्म मला त्यांनीच भरायला लावला होता. लग्न झालेलं, पदरात लेक. "शाळा अर्धी टाकून आलीस ना? मग पुरी कर." बीजगणित शिकवलं त्याच बाकावर बसून, माझी लेक मांडीवर घेऊन. चुकलं की माझ्या बोटांवर पट्टी. ज्या माणसाने आपल्याला इतकं ओळखलंय, त्याला रोज सकाळी तोंड दाखवायचं! मला ते नको होतं. इतकी साधी गोष्ट.

गुडघ्यांवर बसले. प्रार्थना सुचेना. नुसती खोलीच दिसत राहिली.

१८ ऑगस्ट, रविवार

पाहुण्या उपदेशकाने शेजारप्रीतीवर उपदेश केला. पुढच्या बाकावर सगळे पंच. माना अशा डोलवत होते, की विषय शेजारच्या गावाचा असावा.

२० ऑगस्ट, मंगळवार

आज निर्लज्ज होऊन दारोदार फिरले. घर नाही हे कुणाला सांगितलं नाही. पाळकीणबाईंच्या कानावर जायला नको. नुसतं विचारलं, एका बाईमाणसासाठी एखादी खोली मिळेल का, गरज आहे. म्हटलं, दुसरीकडे सोय झाली तर माझी खोलीही वाचेल.

अकरा घरं झाली. कंपाउंडरकडे कुत्रा आहे. त्याला म्हणे अनोळखी माणूस खपत नाही. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारीकडे रियाझाची खोली आहे. तिथे माणूस झोपला तर सूर बिघडतो. मास्तरांकडे त्यांचे ग्रंथ. आमेनमावशीकडे चार खोल्या आणि ती एकटी. ती माझा हात हातात घेऊन म्हणाली, "प्रार्थनेत ठेवते हो." मी म्हटलं, "मावशी, प्रार्थनेत नको, खोलीत ठेव." तर डोळे मिटून म्हणाली, "आमेन."

परत आले. मागच्या खोलीचं दार उघडून पाहिलं. पुन्हा लावलं.

मी बारावं घर.

२४ ऑगस्ट, शनिवार

उद्या समारंभ. आज जाऊन सांगून टाकायचं ठरवलं. घर नाही, कधी नव्हतं, आम्ही सगळे लबाड आहोत. वाक्यं पाठ केली होती. वाटेत दोनदा म्हणून पाहिली.

पाळकीणबाई मोकळ्या खोलीत ट्रंकेवर बसल्या होत्या. भिंतींवर फक्त तसबिरींच्या खुणा.

"ये. खुर्च्या बांधल्यात, इथेच टेक." मी दुसऱ्या ट्रंकेवर बसले. मग म्हणाल्या, "ते घर आहे तरी कुठल्या गल्लीत? सगळे आनंद करून जातात, पत्ता कोणी देत नाही."

माझ्या तोंडून निघालं, "आमच्या गल्लीत."

"कुणाचं?"

"आमचं. मागची खोली."

"हे कधी ठरलं?"

"आत्ताच."

"नवऱ्याला विचारलंस?"

"ते आठ दिवस हेच म्हणताहेत. आडवी मीच."

मला वाटलं, पट्टी काढतात की काय. पण हसल्या. "उजेड आहे का?"

"सकाळचा."

"पुरे की."

घरी येऊन गाद्या बाहेर काढल्या. ह्यांनी मशीनला हात लावला. काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

२५ ऑगस्ट, रविवार

समारंभ झाला. निरोप दिला! बंगल्यापासून आमचं घर चार मिनिटांवर, तरी आमेनमावशीला रडू आवरेना.

हा तमाशा एवढ्यावर भागला असता. पण खजिनदार साक्ष द्यायला उठले. "बंधुभगिनींनो, ज्या क्षणी मी आभार मानले, त्या क्षणीच ते घर सिद्ध झालं होतं!" त्या क्षणी तिथे माझ्या जुन्या गाद्या होत्या. "काही जणांच्या विश्वासात उणीव होती," आणि माझ्याकडे पाहिलं. भर सभेत! माझी खोली, माझा घाम, आणि विश्वास मात्र त्यांचा. टाळ्या पडल्या.

बाहेर मास्तरांना गाठलं. म्हटलं, हे काय चाललंय? तर म्हणाले, "बाई, देव करतो. तुम्ही केवळ साधन." साधन! केरसुणीसुद्धा साधनच असते. फक्त तिला पुढच्या बाकावर बसून ऐकावं लागत नाही.

पाळकीणबाई मांडीवर घड्याळ घेऊन शांत बसल्या होत्या. त्यांचा सगळ्यात जास्त राग आला. एक शब्द बोलतील तर शपथ.

३१ ऑगस्ट, शनिवार

आल्या. दोन ट्रंका, पुस्तकांचे सात गठ्ठे, घड्याळ. टेम्पोवाल्याने सामान उतरवलं आणि तिथेच उभा राहिला. त्याला मुलीच्या शाळेसाठी अर्ज लिहून हवा होता. बाईंनी ट्रंकेवर कागद ठेवून लिहून दिला. अजून पंखासुद्धा लावलेला नव्हता! मला म्हणाल्या, "चहा टाकतेस?"

टाकला. साबण मात्र मी आत नेऊन ठेवलाय.

३ सप्टेंबर, मंगळवार

दुपारी दोघी वाटाणे सोलत होतो. मी पुन्हा खजिनदारांच्या नावाने सुरू झाले. पाळकीणबाई सहज म्हणाल्या, "त्याला कशाला बोलतेस? मागू नका, आभार माना, असं त्याला मीच सांगितलं होतं."

माझे हात थांबले.

"मागा म्हटलं असतं तर सगळे मागतच बसले असते. तेहतीस वर्षं ऐकत आलेय मी. मिळालं म्हटलं, की कुठे मिळालं ते बघायला एखादी तरी उठते."

"कोण उठेल, हे काय ठाऊक होतं तुम्हाला?"

त्यांनी एक शेंग उघडली, आत पाहिलं, दाणे पातेल्यात टाकले.

"या मंडळीत चीड येणारी तू एकटीच उरली आहेस गं."