गोवरातली रासबेरी

अकोला, शनिवार, चैत्र वद्य, १९५८

आज माह्या नातीच्या, शांतीच्या पोटात काहीतरी गेलं! खुशीनं अक्षर वाकडं येते, येऊ दे.

गोवर निघाल्यापासून ती पाणीही ओकत होती. त्याच गोवरानं तिचा भाऊ बाळू सोमवारी गेला. तिले अजून कोणी सांगितलं नाही. कसं सांगाव?

चिखलदऱ्याच्या बंगल्यावर माळी असलेल्या माह्या धाकट्या पोरानं रासबेरी आणली. तुतीसारखं लाल फळ, पण आतून पोकळ. बंगल्यातली बाई त्याचा मुरंबा करते, अन् तापात सरबत देते म्हणे. देवानं फळ केलं अन् आत काही भरलंच नाही, नवलच!

सून, पोराईची माय, आडवी आली. "आत्याबाई, गोवर हाय म्हणून आपण घरात फोडणी देत नाही, अन् हे लालभडक देता?"

"मंग काय उपाशी मारतं पोरीले?" तोंडातून निघूनच गेलं. तिले असं बोलाव का मी, आत्ता?

ती बाजूले झाली. मी फळं साखरेच्या पाण्यात कुस्करली, फडक्यानं गाळली. पोरीनं एक पोकळ फळ टोपीसारखं बोटावर घातलं अन् हासली. मंग अर्धी वाटी पेली अन् बाकीची सरकवली. "हे बाळूले दे, माय."

"हो, देते," सून म्हणाली अन् वाटी घेऊन आत गेली. मी मागून पाहिलं. तिनं ते फेकलं नाही. बाळूच्या पाटापाशी ठेवलं, वर झाकण घातलं.

मुंग्या लागतील. पण मी काही ती वाटी उचलणार नाही.